चिंचोके, काड्या आणि गणित



वसंतातल्या या व्याख्यानांना थोर विषयांची परंपरा आहे. अर्थकारण, संतवाङ्मय, जागतिक राजकारण अशा विषयांच्या पंगतीत ‘मुलांचे गणित’ हे नाव वाचून, मोठ्यांच्या पानांत एखादे बालवाडीतले पोर चुकून येऊन बसले की काय, असे कुणाला वाटले असेल. तशात आम्ही येताना एक कापडी पिशवी आणली आहे. तिच्यात चिंचोके, खराट्याच्या काड्या, रद्दी कागद आणि एका डब्याचे झाकण एवढेच सामान आहे. संयोजकांनी पिशवीकडे पाहिले आणि काही विचारले नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

पण विषय दिसतो तितका लहान नाही. ‘असर’ या नावाची पाहणी २००५ सालापासून आपल्या देशातील खेड्यापाड्यांतल्या मुलांचे वाचन आणि हिशेब तपासत आली आहे. तिच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे पाचवीतल्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे चारांतली तीन मुले भागाकाराच्या उंबरठ्यावरच थबकलेली. ही मुले पुढे सुतार होतील, शेती करतील, दुकान थाटतील. कुणीतरी कर्जाचा कागद पुढे करील आणि व्याजाचा आकडा त्याच्या शब्दावर मान्य करून ती खाली नाव लिहितील. आजोबांनी अंगठा उठवला होता, नातवाने सही केली, एवढाच काय तो फरक.

या मुलांना आपण मठ्ठ म्हणून मोकळे होतो. परंतु त्यांतलीच कितीतरी आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकतात आणि शंभराच्या नोटेची मोड बिनचूक परत देतात. तेव्हा गणित त्यांच्या डोक्यात शिरत नाही हे खरे नव्हे. ते त्यांच्या हातात आहे. हातातून कागदावर उतरण्याची वाट मात्र त्यांना कुणी दाखविलेली नाही. ही वाट कशी बांधता येईल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मराठी मुलाची पहिली अडचण, गंमत पाहा, मराठीच करते. आपण ‘पंचवीस’ म्हणतो. तोंडाने पाच आधी उच्चारतो आणि हाताने दोन आधी लिहितो. पोर ऐकल्याप्रमाणे प्रामाणिकपणे लिहिते आणि पाटीवर बावन्न उमटतात. ‘एकोणतीस’ची तर आणखीच तऱ्हा. त्यात ‘तीस’ स्वच्छ ऐकू येतो, म्हणून मूल तिनाचा आकडा आधी काढते आणि एकोणतिसाचे एकोणचाळीस करून ठेवते. २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार समजावून सांगितला, विनोद करणाऱ्यांनी विनोद केले, विधानसभेतही विषय निघाला. आमचे मत विचाराल तर अडचण खरी होती आणि समितीने ती ओळखली, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण शब्द बदलावा की ठेवावा या वादात काड्यांची आठवण मात्र कुणालाच झाली नाही.

खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडाव्यात आणि दहा-दहांच्या जुड्या बांधाव्यात. जुड्या मुलांनीच बांधाव्यात, बाईंनी बांधून देऊ नयेत; दहा म्हणजे किती हे बांधणाऱ्या बोटांना कळत असते. मग म्हणावे, “पंचवीस आण.” मूल दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या आणते. आता पाच आधी म्हणा की वीस आधी म्हणा, जुडी ती जुडी आणि सुटी ती सुटी. जुड्या डावीकडे, सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्या खाली खडूने आकडे. चार-सहा दिवसांत बावन्न आणि पंचवीस यांची गल्लत थांबते, कारण पाच जुड्या उचलताना मूठ भरते आणि पाच काड्या उचलताना भरत नाही.

‘एकोणतीस’साठी तीन जुड्या मुलापुढे ठेवाव्यात आणि त्यांतली एक काडी परत मागावी. मूल क्षणभर बुचकळ्यात पडते. काडी सुटी नाही! शेवटी ते एका जुडीचा दोरा सोडते, एक काडी देते आणि उरलेले मोजते: दोन जुड्या, नऊ सुट्या. आता त्याला सांगावे की, तू हाताने जे केलेस तेच हा शब्द तोंडाने सांगतो आहे. एक उणे तीस. शब्दाचा अर्थ कळल्यावर एकोणचाळीस, एकोणपन्नास आपोआप सुटतात. (नव्याण्णव मात्र या घराण्यातून फुटून निघाला आहे. तो ‘एकोणशंभर’ का नाही, असे एखादे मूल विचारतेच. त्याला शाबासकी द्यावी आणि पुढे जावे.)

याच काड्यांनी वजाबाकीतला मोठा गोंधळ मिटतो. बेचाळीसमधून सतरा वजा करताना दोनांतून सात जात नाहीत, तेव्हा आपण मुलांना सांगतो, “शेजाऱ्याकडून एक उसना घे.” मूल घेते. शेजाऱ्याकडून घेतलेला एक याच्या घरी येताच दहा कसा होतो, हे त्याला कुणी सांगत नाही. शिवाय हा उसना परत कधी द्यायचा, असा प्रश्न एखाद्या सरळमार्गी मुलाला पडतो, आणि त्याला उत्तर म्हणून बहुधा “गप्प बस” एवढेच मिळते. काड्यांच्या व्यवहारात उसनवारी नाही. चार जुड्या आपल्याच आहेत; त्यांतली एक सोडली, बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन जुड्यांतून एक दिली, दोन राहिल्या. पंचवीस. ‘हातचा’ हा आपला जुना शब्द किती नेमका आहे, हे त्या वेळी ध्यानात येते.

काड्या बाजूला कधी ठेवाव्यात, असे पालक नेहमी विचारतात. ज्याला समजले त्याला जुडी सोडण्या-बांधण्याचा कंटाळा येऊ लागतो. “बाई, मी न सोडताच सांगू का?” असे तो म्हणाला की त्याच्यापुरत्या काड्या कपाटात गेल्या. शेजारचा मुलगा अजून सोडतो आहे म्हणून याला थांबवू नये. आणि याने सोडून दिल्या म्हणून त्याच्याही हातातून काढून घेऊ नयेत.

आता चिंचोके. बारा चिंचोके द्यावेत आणि सारख्या ओळींची आयताकृती मांडणी करावयास सांगावे. कुणी दोन ओळींत सहा-सहा मांडतो, कुणी तीन ओळींत चार-चार, कुणी बाराची एकच लांब रांग लावतो. तीन ओळींची पाटी फक्त फिरवावी. तीन चोक बारा होते, ते चार त्रिक बारा झाले. एकही चिंचोका हलला नाही. सात आठे छप्पन्न येत असेल तर आठ साते छप्पन्न निराळे पाठ करावे लागत नाही, ही बातमी मुलांना केवढ्या आनंदाची वाटते! पाढ्यांचे निम्मे ओझे पाटी फिरवताच उतरते. पाढे पाठ करूच नयेत असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पाठ असलेला पाढा आयुष्यभर उपयोगी पडतो. पण तो आधी दिसलेला असावा.

त्यानंतर आणखी एक चिंचोका द्यावा. तेरा. मुले मांडू लागतात, मोडतात, पुन्हा मांडतात. दोन ओळी होत नाहीत, तीन होत नाहीत, चार होत नाहीत. वर्गात हळूहळू कुरकुर सुरू होते, “बाई, हा खोटा आकडा दिलात!” इथे शिक्षकाने तोंड मिटून राहावे, आमच्या मते या सबंध खेळातले हेच सर्वांत कठीण काम. थोड्या वेळाने कुणीतरी जाहीर करते की तेराची रांगच होते, दुसरे काही होत नाही. मग अशा हट्टी संख्यांचा शोध सुरू होतो: सतरा, एकोणीस, तेवीस. पुस्तकात ‘मूळ संख्या’ या मथळ्याखाली जी व्याख्या घोकावी लागते ती इथे मुलांच्या भांडणातून जन्माला येते.

अपूर्णांकांचे थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी म्हणून घेत, कारण रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या पाठांतराचे प्रयोजन संपले. पण एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश, या प्रश्नाला “चार मोठे, म्हणून चतुर्थांश” असे उत्तर आजही मिळते. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्याव्यात, एकीचे तीन आणि दुसरीचे चार सारखे भाग घडी घालून करावेत आणि एकेक भाग शेजारी ठेवावा. किंवा भाकरी पुढे घ्यावी. तिघांत वाटली तर वाट्याला जास्त येते की चौघांत, हे भुकेल्या मुलाला शिकवावे लागत नाही.

त्रिकोणाचा खेळ आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रद्दी कागदाचा वाटेल तसा त्रिकोण कापावा, त्याचे तिन्ही कोपरे रंगवावेत, तुकडे करावेत आणि कोपरे एकमेकांना लावावेत. सरळ रेषा होते. एकच सूचना: कोपरे फाडावेत, कात्रीने कापू नयेत. कात्रीने नव्या सरळ कडा तयार होतात आणि त्रिकोणाची कड कोणती याचा गोंधळ उडतो. वर्गात साठ मुले असतील तर साठ निरनिराळे त्रिकोण आणि साठ सरळ रेषा. तरी एखादा शंकेखोर विचारतो, “एकसष्टाव्याचे काय?” या शंकेपासून पुढे सिद्धतेची वाट सुरू होते. साठ त्रिकोणांनी सिद्धांत सिद्ध होत नाही. तो शिकण्याची भूक मात्र लागते.

झाकणाचेही तसेच. त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळावी (दोरा ताणला जातो, म्हणून पट्टी), आणि तिच्यावर झाकणाचा व्यास किती वेळा बसतो ते पाहावे. तीन वेळा बसतो आणि थोडी पट्टी उरते. वाटी घ्या, परात घ्या, तेच. ती उरलेली पट्टी व्यासाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास असते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५० अशी दोन्ही मापे दिली आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे हा काही परका विषय नव्हे.

हे साहित्य फुकटचे आहे, आणि तीच त्याची अडचण. डॉ. मॉन्टेसोरींची सुबक साधने गरीब वस्तीत परवडणार नाहीत हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शंख-शिंपले, दगड वापरून काम चालविले. पण आज फुकटच्या वस्तूला मान नाही. आम्ही एका शाळेत रंगीत गणितपेटी पाहिली. ती खराब होऊ नये म्हणून कुलपात होती आणि पाहुणे आले की निघे. दुसरीकडे गणितमेळ्यात मुलांनी थर्माकोलचे सुरेख घन मांडले होते. ते पालकांनी रात्री जागून केलेले. आणि ज्या शिक्षिका खरोखर चिंचोके मांडतात, त्यांच्याविरुद्ध तक्रार जाते की शाळेत मुले नुसती खेळतात, वही कोरी आहे! आज इथे बसलेल्या पालकांपाशी आमचे एवढेच मागणे आहे की, संध्याकाळी वहीची पाने मोजण्याआधी “आज काय मांडलेस?” असे विचारावे.

आता घड्याळ आमच्याकडे पाहू लागले आहे, तेव्हा शेवटी एक खेळ. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते; १९०५ साली जन्मले, १९८६ साली वारले. १९४९ साली त्यांनी जगापुढे ठेवलेली गंमत अशी: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घ्या. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. वजाबाकीची दहा उदाहरणे दिली तर कण्हणारी मुले या खेळात तीस-तीस वजाबाक्या करतात. आणि मध्ये चूक झाली तरी बहुधा पुढची वाट ६१७४ लाच जाते. सातांहून जास्त पायऱ्या लागल्या तर मात्र कुठेतरी घसरलो हे मुलाचे मुलालाच कळते.

तीन अंकी संख्या घेतली तर कुठे पोहोचतो, ते आम्ही सांगणार नाही. समोर सतरंजीवर मुले बसली आहेत, त्यांनी पुढे यावे; पिशवी इथे टेबलावर उघडी ठेवली आहे, आणि पाट्याही चार-पाच आहेत.