सांड्याचं तेल आणि आपले गुडघे

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी पिशवीतून बाटली काढली. गुडघेदुखीवर आठवडी बाजारातून तीनशे रुपयांना घेतलेलं सांड्याचं तेल. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा मोठा सरडा. तो राजस्थानात, कच्छात, खुरट्या झुडपांच्या कोरड्या माळावर बीळ करून राहतो. मुख्यतः पाला, फुलं खातो. थंडीत बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत पडून राहतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला पकडतात, पळू नये म्हणून कणा मोडतात आणि चरबी कढवून तेल काढतात. त्यानं सांधे बरे होतात याला पुरावा नाही. बरं वाटतं ते चोळल्यामुळे. ते घरच्या तिळाच्या तेलानंही वाटतं.

सांड्याची संख्या घटतेय. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार आणि विक्री गुन्हा आहे.

ताईंना आम्ही रागावलो नाही. येत्या सोमवारी आम्ही दोघी-तिघी त्यांना आरोग्य केंद्रात नेणार आहोत. तुमच्याही गटात विचारा, गुडघे कुणाचे दुखतात? दुखणं लपवलं, की बाटलीवाल्याचं फावतं.