राखीव पॅराशूट
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. मी 'बी' विंगमध्येच लहानाची मोठी झाले. आता नोकरीनिमित्त अमेरिकेत ॲरिझोनात असते. सचिवकाका म्हणाले, "तुझ्या स्कायडायव्हिंगबद्दल बोल, पण पोरांना भलतं वेड लावू नकोस." म्हणून उडीबद्दल कमी आणि भीतीबद्दल जास्त बोलते.

हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये तर त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली.

साधारण तेरा हजार फुटांवरून उडी मारली की जवळजवळ मिनिटभर आपण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. माझ्या सत्ताविसाव्या उडीत मुख्य पॅराशूट उघडलं, पण दोऱ्यांना पीळ बसला आणि ते गरगर फिरायला लागलं. पाय झाडून पीळ सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अडीच हजार फुटांच्या आत निर्णय घ्यायचा हे शिकवलेलं होतं. उजवं हँडल ओढलं, बिघडलेलं पॅराशूट सुटलं. डावं ओढलं, राखीव उघडलं. जमिनीवर नीट उतरले. पीळ नेमका कशामुळे बसला, ते कळलं नाही.

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवलीस का?"

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. वरती घाबरायला वेळच नव्हता. पण नंतर झोपेत गरगरायचं, लिफ्टला धक्का बसला तरी हात छातीवरच्या हँडलकडे जायचा. तीन आठवडे मी मैदानावर जायचे आणि चहा पिऊन परत यायचे.

मग जे पॅराशूट भरतात, त्या परवानाधारक कारागिरांकडे जाऊन बसले. तिथल्या नियमाप्रमाणे राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं. ते काम मी घडीन् घडी पाहिलं. वेग कमी झाला नाही तर ठराविक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं छोटं यंत्र असतं, तेही समजून घेतलं. जमिनीवर पट्ट्यांना लटकून हँडल पाहा, धरा, ओढा, हा सराव केला, अगदी कंटाळा येईपर्यंत.

एवढं करूनही पहिल्या वेळी विमानात बसले आणि विमानातूनच खाली आले. कोणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी उडी मारली. पॅराशूट नेहमीपेक्षा बरंच उंचावर उघडलं, म्हणजे काही झालंच तर हाताशी वेळ राहतो. आनंद मात्र लगेच झाला नाही. तो यायला आणखी आठ-दहा उड्या जाव्या लागल्या.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीने अशाच प्रसंगानंतर खेळ सोडला. तिला मी भित्री म्हणणार नाही. तिने विचार करून ठरवलं. मीही विचार करूनच परत गेले.

"आता काही होणार नाही" असं मला कोणी कितीही सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण ते खरं नाही. "झालंच तर काय करायचं ते मला येतं," एवढ्यावरच मी परत विमानात बसले. स्कूटरवरून पडलेल्या, ऑपरेशननंतर जिना चढायला घाबरणाऱ्या आपल्या मंडळींनाही माझं एवढंच सांगणं आहे: धीर एकदम येत नाही. एक-एक पायरी चढा, आणि एखादे दिवशी अर्ध्यातून परत फिरलात तर मनाला लावून घेऊ नका. आणि हो, सोसायटीत आग विझवण्याचं प्रात्यक्षिक असेल तेव्हा कृपया घरात बसू नका. सराव वेळेवर आठवतो, हे मी अनुभवाने सांगते.

आई समोरच बसली आहे. प्रत्येक उडीनंतर "उतरले" असा मेसेज तिला पाठवायचा, ही तिची अट आहे. ती मी आजवर मोडलेली नाही.