श्वासापुरती स्वच्छ हवा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालवर्षातील खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे आपल्या हाती आहेतच. ते मी वाचून दाखवणार नाही. ताळेबंदाच्या परिशिष्टात ‘सांडपाणी कुंडी व सुरक्षा साहित्य’ अशी एक नवी नोंद आहे. रुग्णालयाला याची काय गरज, अशी विचारणा काही सभासदांनी केली. तिचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हवेशी माझा आजवरचा संबंध ऑक्सिजन सिलिंडरच्या देयकांपुरता होता, हे आरंभीच कबूल करतो.

आपल्या इमारतीच्या मागील बाजूस सांडपाण्याची खोल कुंडी आहे. तिच्या तळाशी बसवलेला सबमर्सिबल पंप गेल्या पावसाळ्यात बंद पडला. कंत्राटदाराने दोन तरुण पाठवले. ‘पंप काढून देणे’ एवढ्या तीन शब्दांच्या कार्यादेशावर स्वाक्षरी माझी होती. त्यांतील एक जण तोंडाला रुमाल बांधून शिडीवर पाय ठेवीत होता, त्याच वेळी अपघात विभागातील आपल्या ज्येष्ठ सिस्टर पाळी संपवून घरी निघाल्या होत्या. “कोणीही खाली उतरायचे नाही!” असे त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की मी कार्यालयातून धावत बाहेर आलो.

काही वर्षांपूर्वी एका गृहसंस्थेच्या सेप्टिक टाकीतून तिघांना आपल्याकडे आणण्यात आले होते. पहिला टाकी साफ करण्यासाठी उतरला होता, दुसरा त्याला काढण्यासाठी आणि तिसरा त्या दोघांना वाचवण्यासाठी. तिघांपैकी एकही वाचला नाही. त्या रात्री सिस्टर कामावर होत्या आणि मीही होतो. माझ्याकडे कागदपत्रांचे काम होते. कार्यादेशावर सही करताना मला ती रात्र आठवली नाही. सिस्टरना आठवली.

अशा दुर्घटनांचा हा क्रम फार जुना आहे. १८९५ साली लंडनजवळील ईस्ट हॅम येथे सांडपाण्याच्या विहिरीत पाच जण मृत्युमुखी पडले. पहिला कोसळल्यावर बाकीचे त्याच्या मदतीला उतरले होते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याची चौकशी केली आणि दोष हायड्रोजन सल्फाइड वायूचा असल्याचे दाखवून दिले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतील ‘नायॉश’ या शासकीय संस्थेने नमूद केले, की बंदिस्त जागांतील बळींपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो; परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस खाली उतरतो. ७०० ते १,००० भागांच्या दरम्यान एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होतो, म्हणून वरून एकदा मोजून निश्चिंत होता येत नाही. शिवाय साध्या हवेत २०.९ टक्के असणारा ऑक्सिजन अशा जागी पुष्कळ कमी झालेला असू शकतो.

कोविडच्या साथीत आपण सर्वांनी पांढरे पोशाख आणि एन-९५ मुखपट्ट्या पाहिल्या. त्यामुळे एका दानशूर कुटुंबाने तसेच काही साहित्य देण्याची तयारी दर्शवली. त्यांच्या भावनेचा आदर राखून सांगावे लागले, की ती मुखपट्टी कण अडवते, वायू अडवीत नाही. वायू शोषणारा डबा मुखवट्याला जोडला तरी तो हवा गाळतो, निर्माण करीत नाही. जेथे ऑक्सिजनच नाही तेथे गाळायचे काय? श्वासाची हवा बाहेरूनच आणावी लागते. १८२३ मध्ये चार्ल्स डीन या इंग्रज गृहस्थाने धुरात शिरण्यासाठी शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. त्याला नळी लावून भात्याने हवा पुरवायची, अशी ती योजना होती. तत्त्व आजही तेच आहे.

ही सामग्री कशी बेतली जाते, हे समजून घेण्यात माझे तीन महिने गेले. मला वाटत होते, की सारे महत्त्व कापडाला असेल. जड पाण्याच्या अणुभट्टीत ते खरेही आहे. तेथील ट्रिटियमची वाफ त्वचेतूनही शरीरात शिरते, म्हणून सर्वांगाला हवा खेळवणारा प्लास्टिकचा पोशाख लागतो. बाहेरच्यापेक्षा आतला दाब किंचित अधिक ठेवतात, जेणेकरून एखादी शिवण उसवली तरी हवा आतून बाहेर जाईल. सांडपाण्याच्या कुंडीत मात्र खरे संकट श्वासाचे असते. तेथे पूर्ण चेहरा झाकणारा हवानळीचा मुखवटा आणि अंगाला मैला लागू न देणारा जलरोधक पोशाख पुरतो. या एका फरकाने आपला बराच खर्च वाचला.

हवेचे मोजमाप ठरलेले आहे. अमेरिकन निकषांनुसार घट्ट मुखवट्याला मिनिटाला किमान ११५ लिटर आणि सैल टोपाला १७० लिटर हवा लागते. नळीची लांबी ३०० फुटांहून अधिक चालत नाही. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, पण चिखलात पंप ओढणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागते. बंद पोशाखात घाम वाळत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात विषारी वायूच्या आधी उष्माघातच गाठायचा. तीच हवा अंगावरून खेळवली तर गारवाही मिळतो.

खरी चूक होते ती वर, जमिनीवर. कॉम्प्रेसर जनरेटरच्या धुराड्याशेजारी ठेवला, तर खालच्या माणसाला आपण नळीने कार्बन मोनॉक्साइड पाजतो. गॅरेजमधल्या साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण असतात. आमच्याच एका कर्मचाऱ्याने सुचवले, की रुग्णालयात ऑक्सिजन आहे, तोच नळीत सोडावा. वरवर पाहता सूचना शहाणपणाची वाटते. परंतु कुंडीत मिथेन असतो आणि ऑक्सिजन वाढला की एका ठिणगीने भडका उडतो. रुग्णांच्या वैद्यकीय हवेच्या नळालाही आपण हात लावलेला नाही, कारण त्यावर कृत्रिम श्वसनयंत्रे चालतात. वरचा पुरवठा तुटल्यास बाहेर येण्यापुरती हवा देणारी लहान बाटली कमरेला हवीच. खांदे व मांड्या यांना बांधलेला पट्टा, वर तिकाटणे आणि कप्पी असली, म्हणजे बेशुद्ध माणसाला वरूनच ओढून घेता येते. दुसऱ्याने उतरण्याचा प्रसंग येत नाही.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ चा कायदा आणि त्याच वर्षीचे नियम यांनी गटारात माणूस उतरवण्यास मनाई केली आहे. मोजक्या अपवादांत तळाचा पंप काढणे येते. साहित्याच्या यादीत हवानळीचे श्वसनसाधन, चार वायूंचा मापक आणि तिकाटणे यांचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हिशेबाच्या वहीत मला दोन्ही रकमा मांडता येतात. त्या तीन घरांपैकी एका घरातील आई मृत्यूचा दाखला घेण्यासाठी माझ्या टेबलासमोर बसली होती. तिचा हिशेब मला कोणत्याही वहीत मांडता आला नाही.

म्हणून विश्वस्तांच्या संमतीने पहिला पैसा पोशाखावर खर्च केलाच नाही. पंप उभ्या मार्गदर्शक रुळांवर बसवून साखळीने वर ओढता येईल, अशी रचना करून घेतली आणि गाळ उपसण्यासाठी शोषक गाडीचा वार्षिक करार केला. ही कामे जमिनीखाली असल्याने त्यांवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही; त्या कुटुंबाने ते हसत मान्य केले, याबद्दल त्यांचे ऋण नमूद करतो. उरलेल्या रकमेतून दोन माणसांपुरता हवानळीचा संच, वायुमापक आणि तिकाटणे घेतले. रूळच वाकला किंवा साखळी तुटली, तरच परवानगी घेऊन ते वापरायचे. सहा कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले असून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोरड्या जागेत सराव होतो. यापुढे कुंडीसंबंधीच्या प्रत्येक कार्यादेशावर माझ्या सहीशेजारी अपघात विभागाच्या सिस्टरचीही सही लागेल, असा ठराव आज सभेपुढे आहे.

सर्व साहित्य तळमजल्यावर भांडारगृहाशेजारी मांडून ठेवले आहे. सभेनंतर चहाच्या वेळी ते अवश्य पाहावे. ज्यांच्या गृहसंस्थेत टाकी साफ करण्याचे काम निघाले असेल, त्यांनी शोषक गाडीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक आमच्या कार्यालयातून घेऊन जावा.