टाक्या काढल्या, पण खालच्या पाण्याचं काय?

(वस्तीवरच्या बैठकीत केलेले भाषण)

साथींनो, आयाबायांनो,

हायवेच्या कडेला बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा आपल्या घरकुलांना देऊ, असं आता बोललं जातंय. इतकी वर्षं गायरानावरून हुसकलं, आणि आता रोडटच जागा! आनंद आम्हालाही झाला. पण त्या जागेत जमिनीखाली लोखंडी टाक्या होत्या. त्या काढल्या, खड्डा मुरमानं भरला, वर जेसीबी फिरवला. टाकी गंजून झिरपत होती का, हे वरून कळत नाही. आणि खालच्या अंगाला, नाल्याकाठी, आपली प्यायची विहीर आहे.

पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. आजच्या पेट्रोलमध्ये ते शंभरात जास्तीत जास्त १ भाग. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्यायच्या एका लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅमच्या वर नको. हिशोब मांडला तर एका लिटर पेट्रोलातलं बेंझिन ८ लाख लिटरहून जास्त पाणी बिघडवू शकतं. म्हणजे १० हजार लिटरचे ८० टँकर! टँकरची वाट बघणं काय असतं हे धाराशिवच्या माणसाला सांगायला नको.

कोणी म्हणेल, सरकारच्या निरीक्षण विहिरी आहेतच की. आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला त्यातली पातळी मोजते. पण ती मुलखाची पातळी. एका टाकीखाली काय मुरलं ते लांबच्या विहिरीत दिसणार नाही. त्यासाठी त्याच जागेवर बोअर पाहिजेत, निदान तीन, आणि एका रेषेत नकोत. तिन्हींची पातळी एकाच खुणेपासून मोजली तरच पाणी कुठल्या अंगाला सरकतं ते कळतं. एक टाकीच्या वरच्या अंगाला, बाकीच्या खाली, आपल्या विहिरीकडं.

आपल्याकडं मुरूम, मग मांजऱ्या दगड, खाली काळा पाषाण. पाणी भेगांतून पळतं. म्हणून पिण्याच्या बोअरसारखा तीनशे फूट खोल घेऊ द्यायचा नाही, नाहीतर वरची घाण त्याच भोकातून खालच्या चांगल्या पाण्यात उतरेल. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाईपाच्या चिरा पाणी जिथं चढतं-उतरतं तिथंच हव्यात. मे महिन्यात पाणी कुठं जातं आणि ऑक्टोबरला कुठं येतं, हे आपल्या बायांना इंजिनिअरपेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना विचारा. वरून पावसाचं पाणी पाईपाच्या कडेनं आत जाऊ नये म्हणून चिकणमाती आणि सिमेंटनं गच्च बंद करायचं. नमुना घेताना आधी साचलेलं पाणी उपसायचं, मग काचेची बाटली काठोकाठ भरायची, हवा राहू द्यायची नाही, बर्फात ठेवून न्यायची. नमुना भरताना आपली दोन माणसं तिथं उभी पाहिजेत.

आणि बोअरला कुलूप. किल्ली ग्रामपंचायतीत, सही घेऊन. का सांगतो? टोपी चोरीला गेली तर पहिली झडती कुणाच्या पालावर येईल? १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच चोर ठरवलं, १९५२ ला तो कायदा गेला, पण नजर अजून गेली नाही.

आपल्यातलेच काही म्हणतात, आधी सातबारा घ्या, पाण्याचं मागून बघू, जास्त बोललो तर जागाही जाईल. ही भीती खोटी नाही. आमच्या घरातही यावर भांडण झालं. पण एकदा जागा नावावर आली की खालची घाणसुद्धा आपल्याच गळ्यात घालतील. म्हणून अर्जात दोन्ही एकत्र लिहिलंय: जागा पाहिजे, आणि ताब्याआधी तीन बोअर, एकदा मे आणि एकदा ऑक्टोबर अशी दोनदा तपासणी, खर्च पंपवाल्याचा, अहवाल मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवायचा. तोवर विहिरीचं पाणी प्यायला नको, वापरायलाच.

अर्ज पिंपळाखाली ठेवलाय. अंगठा उमटवायच्या आधी पोरांकडून वाचून घ्या.