कोंबडीची चरबी आणि खाद्याची गोणी

(जळकोट येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जळकोट तालुक्यात ज्याच्या शेतात सोयाबीन आहे त्याचा कोंबडीच्या धंद्याशी संबंध आहे, मग त्याने आयुष्यात अंडेही खाल्लेले नसो. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणारी पेंड हे कोंबडीखाद्यातील प्रथिनांचे मुख्य साधन आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंडीच्या, तीही जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या, आयातीस परवानगी दिली. ती कोंबडी-उद्योगाच्या मागणीवरून दिली. त्यानंतर सोयाबीनचे भाव कसे कोसळले हे लातूरच्या आडतीवर माल नेणाऱ्यांना सांगावयास नको. तेव्हा कोंबडीच्या पोटात काय जाते हा प्रश्न खाणाऱ्याइतकाच पिकविणाऱ्याचाही आहे.

गावोगाव मात्र या प्रश्नाची चर्चा वेगळ्याच अंगाने होते. गावरान कोंबडीला किलो-सव्वा किलो भरावयास चार-पाच महिने लागतात आणि ही ‘बॉयलर’ सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाते, त्या अर्थी तिला इंजेक्शन देऊन फुगवीत असले पाहिजेत, असा सरळ हिशेब लोक मांडतात. शंका घेणे गैर नाही. हिशेब मात्र चुकीचा आहे. वाढीचे हार्मोन हे प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर डाळीसारखे पचून जाते, म्हणून ते टोचावे लागेल, आणि तेही वारंवार. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सुई टोचणारा मालक औषधाच्या खर्चाआधी मजुरीनेच बुडेल. लोक शेडमध्ये जे पाहतात ते बहुधा मानमोडीच्या लसीचे डोळ्यात टाकलेले थेंब असतात.

स्टेरॉइडची गोष्ट मात्र अशी हसण्यावारी नेता येणार नाही. स्टेरॉइड हा चरबीत विरघळणारा लहान रेणू आहे आणि त्यातले काही तोंडावाटे दिले तरी काम करतात. शिवाय कोंबडीवर असा प्रयोग धंद्याच्या प्रमाणावर खरोखर झालेला आहे. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे द्रव्य तयार केले. रचनेने ते स्टेरॉइड नव्हे, पण काम स्त्री-स्टेरॉइडाचेच करते. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील एफ. डब्ल्यू. लॉरेन्झ यांनी ते कोंबड्यांना देऊन ते लठ्ठ होतात असे दाखविले. पुढे मानेच्या वरच्या भागात कातडीखाली त्याची गोळी बसविण्याची पद्धतच अमेरिकेत पडली.

ते कोंबडे लठ्ठ का होत, हे समजून घेतले म्हणजे बरेच उलगडते. पक्ष्याच्या शरीरातील चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. मादी अंड्यावर येते तेव्हा तिच्या शरीरातील स्त्री-हार्मोन यकृताला आज्ञा करते की आता बलकासाठी चरबी बनव. हीच आज्ञा नराच्या शरीरात बाहेरून घातली की त्याचे यकृतही निमूटपणे चरबी बनवू लागते. नराला अंडे घालावयाचे नसते, म्हणून ती चरबी रक्तातून कातडीखाली आणि पोटात जाऊन साठते. मांसाचा वाटा त्यात फारसा वाढत नाही. मऊ, भरलेला, पिवळसर कातडीचा पक्षी दुकानात टांगला जाई आणि गिऱ्हाईक चरबीचे पैसे मांसाच्या दराने मोजून घरी जाई. कोंबड्यांची गोळी बसविलेली मुंडकी खाऊ घातलेल्या मिंक नावाच्या केसाळ प्राण्यांना पिले होईनात, तेव्हा फरचा धंदा करणारे ओरडू लागले. मांसात अंश उरतात हे दिसल्यावर १९५९ मध्ये कोंबड्यांतील हा वापर अमेरिकेत थांबविण्यात आला. हेच औषध गर्भपात टळावा म्हणून ज्या स्त्रियांना दिले गेले होते त्यांच्या मुलींमध्ये दुर्मीळ कर्करोग आढळतो, हे बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये दाखविले.

स्टेरॉइडांचे दुसरे घराणे कॉर्टिकोस्टेरॉनचे. पक्ष्याला ताण पडला की हे द्रव्य त्याच्याच शरीरात पाझरते. प्रयोगात ते खाद्यातून दिले असता पक्षी खातो, पण छातीचे मांस झिजते, पोटाशी चरबीचा गोळा वाढतो आणि एकूण वाढ उलट खुंटते. औषधाच्या दुकानात मिळणारे डेक्सामेथासोन याच घराण्यातले. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या पोटातही चरबी वाढते, ती अंशतः याच कारणाने. तेथे कोणी काही मिसळलेले नसते, मराठवाड्याचे ऊनच पुरेसे असते. पुरुष-स्टेरॉइडांचा गायीगुरांत मांसवाढीसाठी उपयोग झाला आहे, कोंबडीत मात्र तसा लाभ मिळत नाही.

मग ही झपाट्याची वाढ येते कोठून? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ सालचे, निवड न करता तसेच जपलेले कोंबड्यांचे वाण आणि २००५ सालचा व्यापारी वाण त्यांनी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढविले. छप्पन्न दिवसांनी पहिल्याचे वजन सुमारे ९०५ ग्रॅम, दुसऱ्याचे १,८०८ ग्रॅम आणि तिसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम भरले. स्टेरॉइडचा कण नाही, फरक वाणाचा. पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीने हे साधले आहे आणि त्या मूळ वाणांची मालकी जगात मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. इंजेक्शनच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे, पण ती चहाच्या टपरीवर कोणी बोलत नाही.

आता थोडे अर्थशास्त्र. बॉयलरच्या पोटातील चरबी जिवंत वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के धरली, तर दोन किलोंच्या पक्ष्यात ती चाळीस ते साठ ग्रॅम होते. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचमध्ये दोनशे ते तीनशे किलो चरबी झाली. ती मक्यातून आणि पेंडीतून बनलेली असते, आणि खाद्याचा खर्च हाच या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च. मांसात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, म्हणून एक किलो मांसापेक्षा एक किलो चरबी बनविण्यास कितीतरी अधिक खाद्य जाते. ज्या कंपनीला खाद्याचे पैसे स्वतः भरावयाचे आहेत तिला चरबी परवडत नाही. चरबी चढविणारे स्टेरॉइड ती कशाला घालील?

हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो जेथवर जातो तेथवरच. आपल्याकडे बहुतेक कोंबडी जिवंत तोलून विकली जाते. काट्यावर चरबी आणि मांस यांत भेद नाही. ज्याला अखेरच्या आठवड्यात वजनाचा काटा हलविण्यात रस आहे त्याचा हिशेब कंपनीच्या हिशेबाहून वेगळा असू शकतो. असे घडतेच आहे, असा आरोप येथे करावयाचा नाही. पण ‘आम्ही घालीत नाही’ या शब्दावर विसंबून राहण्याचे कारणही नाही, कारण प्रतिजैविकांचा अनुभव समोर आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीचे सत्तर नमुने तपासले. चाळीस टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. माणसावर इतर औषधे चालेनाशी झाली की वापरावयाचे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी खपत होते. त्याच्या पशुखाद्यातील वापरावर सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. लोक इंजेक्शनविषयी बोलत राहिले आणि प्रत्यक्ष वापर गोणीतून होत राहिला.

या गोणीचा मालक कोण? करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचे शेड, त्यावरचे कर्ज, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे श्रम त्याचे. पिले, खाद्य, औषध कंपनीचे. त्याला मिळते ती किलोमागे पाळणावळ, आणि खाद्य जास्त लागले तर तीतून कपात. गोणीत काय आहे हे त्याला कळत नाही, पण गावात बोल त्यालाच लागतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा पसरली, तेव्हा महाराष्ट्रात पक्षी मातीमोल विकण्याची वेळ पाळणाऱ्यांवर आली. ज्याच्या हातात खाद्याच्या चाचणीचा कागद नाही तो अफवेला उत्तर काय देणार?

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. गोणीवर प्रथिनांच्या टक्क्यांबरोबर मिसळलेल्या प्रत्येक औषधाचे नाव मराठीत छापलेले असावे. स्टेरॉइड आणि प्रतिजैविके या दोहोंसाठी खाद्याचे व मांसाचे नमुने सरकारने नियमाने तपासावेत आणि निष्कर्ष तालुक्याच्या ठिकाणी लावावेत. शेजारी उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शेतकऱ्याने नेलेला नमुना तेथे घेतला जाईल व पुढे तपासला जाईल अशी सोय व्हावी, यासाठी कार्यकर्त्यांनी निवेदने द्यावीत. तोवर शेड चालविणाऱ्यांनी एवढे करावे : प्रत्येक बॅचच्या खाद्यातून अर्धा किलो काढून कोरड्या बंद डब्यात ठेवावे, गोणीवरची चिठ्ठी फाडून न टाकता त्या डब्याला चिकटवावी, आणि तारीख घालून शेजाऱ्याची सही घ्यावी.