बोल्ट बसले, पण दात जुळले का?

आज कोड बाजूला, गप्पा गाडीच्या.

मी सध्या अमेरिकेत, युटामध्ये असतो. इथे मोआबच्या खडकांवर फिरायला मी आणि रूममेटने एक जुनी साइड-बाय-साइड घेतली. म्हणजे दोन सीटची, उघडी, छोटी ऑफ-रोड गाडी.

तिचा पुढचा डिफरेन्शियल गेला. भंगारातून हुबेहूब तसाच आणला. बोल्ट बसले, टू-व्हीलमध्ये गाडी मस्त पळाली. आम्ही खूश! पण खडकाळ उतारावर फोर-व्हील टाकलं आणि गाडी अडखळायला लागली. स्टिअरिंग जड, खालून कटकट, बाजूला दरी. खरं सांगतो, घाम फुटला.

कारण काय, तर डबा तोच, आतला रेशो वेगळा. समजा क्राउनला 37 दात आणि पिनियनला 10, तर शाफ्टच्या 3.7 फेऱ्यांत चाकाची एक फेरी. क्राउनला 41 असतील, तर 4.1 फेऱ्या. म्हणजे पुढची चाकं साधारण 10 टक्के हळू फिरणार. वाळूत चाकं घसरतात, म्हणून खपून जातं. खडकावर घसरायला वाव नाही. सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. शेवटी काहीतरी तुटतंच.

म्हणून बसवण्याआधी दात मोजा, भागाकार करा, जुन्याशी ताडून बघा. काही गाड्यांत कंपनीच पुढचा रेशो मुद्दाम किंचित वेगळा ठेवते, त्यामुळे मॅन्युअलमधला पार्ट नंबरही बघाच.

कोड कंपाइल झाला म्हणजे बरोबर चालला असं नसतं, हे मी रोज ऑफिसात सांगतो. गॅरेजमध्ये मात्र विसरलो!

भेटू पुढच्या भागात.