कॉफी, जागरण आणि आपले आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बजाजनगर येथे केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना अंकगणित व भाषा शिकविलेले एक निवृत्त शाळामास्तर आहोत. असे असता 'कॉफी आणि आरोग्य' या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हास का केली, हे प्रथम सांगितले पाहिजे. यंदाच्या कोजागिरीच्या तयारीची बैठक चालू असता तरुण मंडळींनी सूचना मांडली की, आटीव दुधाबरोबर कॉफीही ठेवावी. त्यावर एक वडीलधाऱ्या भगिनी म्हणाल्या, "कॉफीने रक्त आटते." एका सद्गृहस्थांनी काळीज धडधडते असे सांगितले, तर कॉफीने आयुष्य वाढते असे एका तरुणाने वर्तमानपत्राच्या आधाराने ठासून सांगितले. वाद मिटेना, तेव्हा सर्वांनी आमच्याकडे बोट दाखविले. आम्ही वाचन केले, ओळखीच्या डॉक्टरांना शंका विचारल्या. त्याचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या मराठी घरांत चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, अशी पूर्वी वाटणी होती. पाहुणा आला, कोणी आजारातून उठले किंवा एकादशीचा उपवास असला की जायफळ-वेलदोडा घातलेली दुधाची कॉफी होई. कॉफीचे झाड मूळचे आफ्रिकेतील. बाबा बुदन नावाच्या फकिराने सतराव्या शतकात अरबस्तानातील मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यासही कॉफीची लागवड आहे. सांप्रत मात्र कॉफी प्रसंगाची राहिलेली नाही. किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळांनी ती घरोघर रोजची केली आहे.

बजाजनगरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा मोठा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे इतर कारखाने आले, आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांची मुले येथे येऊन कामगार झाली. गावी दिवस सूर्याबरोबर उगवे व मावळे. येथे तो पाळीबरोबर उगवतो. एकाच घरात बाप तिसऱ्या पाळीहून परततो, मुलगा पहिल्या पाळीस निघतो आणि नातू परीक्षेसाठी जागतो. या जागरणाला आपण ज्या पेयाचा आधार देतो, त्याचे गुणदोष जाणून घेणे हे आपले कर्तव्य नव्हे काय?

कॉफीतील मुख्य द्रव्य कॅफीन. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमारास ते वेगळे काढले. त्याचे कार्य कसे चालते, हे एस.टी.च्या उदाहरणाने सांगता येईल. दिवसभर जागे असताना आपल्या मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूतील ठराविक जागांवर बसले की आपणांस झोप येते. कॅफीन काय करते? गर्दीच्या गाडीत एखादा प्रवासी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवितो, तसे ते त्या जागा अडवून ठेवते. अॅडिनोसिन उभेच राहते. गाडीतील गर्दी कमी झालेली नसते. फक्त तिला बसावयास जागा मिळत नाही. कालांतराने रुमाल उचलला जातो आणि उभी असलेली सारी गर्दी एकदम बसते. म्हणजेच कॉफी थकवा घालवीत नाही, तर तो काही काळ जाणवू देत नाही. कॉफीची तरतरी ही झोपेपासून घेतलेली उसनवारी आहे, आणि उसने घेतलेले फेडावे लागते.

हा रुमाल किती वेळ राहतो? पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे नाहीसे होण्यास सामान्यतः ५ तासांच्या आसपास लागतात. कोणास कमी, कोणास अधिक. सायंकाळी ६ वाजता घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री ११ वाजताही शरीरात असू शकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, झोपण्यापूर्वी ६ तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप एका तासाहून अधिक कमी झाली. ही मात्रा मोठी आहे हे खरे. परंतु दिवसभराचे पेले मोजले तर तिच्याजवळ पोचणारे लोक आपल्यातही आहेत.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेस मुले बसविताना आम्ही पालकांस सांगत असू, "परीक्षेच्या आठवड्यात मुलाला रात्री कॉफी द्या, अभ्यास चांगला होईल." एका वर्षी आमच्या वर्गातील एका अत्यंत हुशार मुलाने चार रात्री असा अभ्यास केला. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत नित्य तोंडपाठ असलेली उदाहरणेही त्याने चुकविली. निकालानंतर त्याची आई शाळेत आली. तक्रार करण्यासाठी नव्हे, ती माउली विचारीत होती, "गुरुजी, माझ्याकडून कॉफी कमी दिली गेली का हो?" त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नाही. आज देता येते. बाई, कॉफी कमी पडली नव्हती. झोप कमी पडली होती, आणि सल्ला आमचा चुकला होता. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्यास झोपच लागते. यास्तव पालकांस आमची विनंती आहे की, परीक्षेच्या काळात मुलांना कॉफीचा पेला नव्हे, झोपेची वेळ द्यावी. बाजारात मिळणाऱ्या कॅफीनयुक्त थंड पेयांच्या डब्यांवर ती मुलांसाठी नव्हेत अशी सूचना छापलेली असते. ती वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

आता 'रक्त आटते' या आक्षेपाकडे वळू. रक्त आटत नाही; तथापि आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे. कॉफी व चहा जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणासोबत घेतलेल्या एका पेला कॉफीने हे शोषण ३९ टक्क्यांनी व चहाने ६४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीही तितकीच बाधक ठरली. जेवणापूर्वी एक तास घेतलेली मात्र बाधली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आहेत. आणि आपल्या घरांतील रीत काय? सर्वांची ताटे वाढून झाल्यावर गृहिणी सर्वांच्या शेवटी जेवते, आणि उठताच दमलेल्या अंगाने पेलाभर चहा किंवा कॉफी घेते. पालेभाजी व बाजरीच्या भाकरीतून जे थोडे लोह मिळावयाचे, त्याच्या आड तो पेला येतो. लोहाच्या गोळ्याही चहा-कॉफीबरोबर घेऊ नयेत. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या भगिनींनी ती साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा ते एक तास कॉफी टाळावी.

गर्भवती भगिनींनी विशेष जपावे. त्या अवस्थेत कॅफीन शरीरातून फार हळू बाहेर पडते व ते गर्भापर्यंत पोचते. दिवसास २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

मिलिग्रॅमचा हिशेब घरी कसा करावा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर पेल्यात गाळीव कॉफी असेल तर ८० ते १२०, झटपट कॉफी असेल तर ५० ते ६५, आणि चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम ठेवावी व जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास ही पेये टाळावीत, असे ती संस्था सांगते. चहा आणि कॉफी यांची बेरीज एकत्र करावयाची, हे विसरू नये.

काळीज धडधडते हे काहींच्या बाबतीत खरे आहे. सवय नसलेल्याचा रक्तदाबही थोडा वेळ वाढतो. म्हणून रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास कॉफी घेऊ नये. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास होतो त्यांनी स्वतःचा अनुभव प्रमाण मानावा. घोट जिभेला भाजेल इतका कढत नसावा. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली दिला. त्याच वेळी खुद्द कॉफीवरील जुना संशय मात्र तिने मागे घेतला.

तर मग आयुष्य वाढते हे खरे काय? अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांतून दिसते की, दिवसास तीन-चार पेले कॉफी घेणाऱ्यांत मधुमेह, यकृताचे विकार व कंपवात यांचे प्रमाण कमी आढळते. परंतु एकत्र आढळणे आणि कारण असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आम्ही वर्गात शिकवीत असू तेच येथे सांगतो. शिवाय तिकडे पुष्कळ लोक बिनसाखरेची कॉफी पितात. आपण पेल्यात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर घालतो. पाच पेल्यांत ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००० उष्मांकांच्या आहारात सांगितलेली कमाल मर्यादा तेथेच संपली. मधुमेह टाळण्यासाठी अशी कॉफी पिणे म्हणजे पाणी तुंबू नये म्हणून नळ मोठा सोडण्यासारखे आहे.

आमच्या कामगार बंधूंस दोन शब्द. रात्रपाळीत कॉफी घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. यंत्रावर डोळा लागणे अधिक घातक. परंतु ती पाळीच्या पूर्वार्धात घ्यावी. सकाळी ८ वाजता झोपावयाचे असेल तर रात्री २ नंतरचा पेला टाळावा. सकाळी डोळे मिटत असता कॉफी पिऊन दुचाकीवर निघणे हे धाडस आहे. रुमाल वाटेतच उचलला गेला तर काय होईल, याचा विचार घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तरी करावा.

ज्यांस कॉफी कमी करावयाची आहे त्यांनी ती एकदम सोडू नये. १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते व काही दिवस दुखते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात पुष्कळ भगिनींचे डोके दुपारी चढते, त्यामागे भूक-तहानेबरोबर हेही एक कारण असते. व्रताच्या आधीच्या आठवड्यात एकेक पेला कमी करीत जावा, म्हणजे व्रत सुखाने पार पडेल.

सारांश, कॉफी विष नव्हे आणि अमृतही नव्हे. कोणी, किती व विशेषतः केव्हा घ्यावयाची, यावर तिचे गुण अवलंबून आहेत. पेला हाती घेण्यापूर्वी एकदा घड्याळाकडे पाहावे, एवढेच आमचे मागणे.

राहिला कोजागिरीचा प्रश्न. त्या रात्री लक्ष्मी 'कोण जागा आहे' असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. आमची सूचना अशी की, मुलांना व गर्भवती भगिनींना दूधच द्यावे, ज्यांची दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आहे त्यांनीही दूध घेऊन लवकर घरी जावे, आणि ज्यांना सुट्टी आहे त्यांनी खुशाल एक पेला कॉफी घ्यावी. वर्षातून एक रात्र हौसेने जागणे हा उत्सव आहे; उरलेल्या रात्री नीट झोपणे हे आरोग्य आहे.